वाकडी भाकर आणि शेवंतीची दुडकी

घोडी लंगडते हे सगळ्यांत आधी मी सांगितलं. आणि सगळे सगळ्यांत आधी मलाच हसले!

घोड्यांच्या जागेवर किस्से आणि लीद, दोन्हीचं एकच आहे. सकाळी टोपलं भरून बाहेर टाका, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. लीद निदान वावरात कामी येते. किस्से कुठं टाकावे? म्हणून इथं टाकते. ज्यांना हसायचं त्यांनी हसा, तेव्हाही हसलेच होते.

आधी माणसं सांगते. यवतमाळहून दारव्ह्याकडं निघालं की बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं आमचं मैदान आहे. सासऱ्यांपासून आमच्याकडं लग्नाच्या घोड्या. आता नवरदेव उघड्या जीपवर उभा राहतो, डीजेपुढं हात हलवतो आणि काळा चष्मा लावून मांडवात येतो. घोडीला कोण विचारतो? त्या पडत्या काळात पोलिसांच्या घोडदळातून रिटायर झालेले पठाडे सर आले आणि आमच्या मैदानावर घोडेस्वारीचा क्लास काढला. शेवंती नावाची आमची पांढरी घोडी एका वरातीत पाहिली आणि म्हणाले, "ही नाचत नाही. हिचा ट्रॉट बघा! हिला ड्रेसाजमध्ये आणू."

ड्रेसाज म्हणजे उड्या नाही, शर्यत नाही. स्वारानं नुसतं बसल्या जागी सांगायचं आणि घोड्यानं मापात चालायचं. आणि ट्रॉट म्हणजे आपली दुडकी. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. टप-टप, टप-टप. एकही ठोका मागं-पुढं नको.

स्वार माझी पोरगी सोनाली, कॉलेजात जाते. घोडीचं दाणापाणी, मालिश, सकाळचं फिरवणं माझा नवरा गुणवंता बघतो. या माणसानं लग्नात उखाण्यात माझं नाव घेतलं, तेवढंच. त्यानंतर "सोनालीची माय", नाहीतर "ऐकलं का". त्यांच्या घरची रीत आहे म्हणे. मी मात्र त्याचं नाव दिवसभर घेते, आणि हळू घेत नाही.

सरांनी संक्रांतीनंतरच्या नागपूरच्या स्पर्धेत सोनालीचं नाव दिलं. माझा जीव तेव्हापासून टांगणीला.

*

माझी चूल मैदानाच्या कडेला, टिनाच्या शेडखाली. मी मैदानाकडं पाठ करून भाकरी थापते. मागं शेवंतीची दुडकी चाललेली असते आणि माझा हात आपोआप तिच्या तालावर पडतो. टप-टप, टप-टप, भाकर गोल!

एक दिवस भाकर वाकडी झाली. मोडून पुन्हा थापली. पुन्हा वाकडी! मी हात थांबवला आणि कान दिला. टप-टप, टप-ठप. टप-टप, टप-ठप. एक पाय जड पडत होता.

पिठाचे हात घेऊन मी मैदानात धावले. "थांबवा! घोडी लंगडून राह्यली!"

सर म्हणाले, "कोणता पाय, काकू?"

आता कोणता ते मला काय माहीत? माझी पाठ होती! म्हटलं, "पाय तुम्ही शोधा. माह्यी भाकर वाकडी होऊन राह्यली."

सर हसले. सोनाली घोडीवर बसून हसली. गुणवंता तर भुशाच्या, म्हणजे आमच्या कुटाराच्या, ढिगावर बसूनच हसला. "ऐकलं का, पीठ जुनं अशीन!"

मी नाही हसले. माझा दीर अशाच एका घोड्यावरून पडला होता. "काही नाही, जरा पाय ओढते" असं घरातले सगळे म्हणत होते. तो माणूस आज भिंत धरल्याशिवाय उठत नाही. त्याच्या जागी मला सोनाली दिसायला लागली.

*

पहिला संशय नालबंद रशीदभाईवर. एखादा खिळा आत गेला असेल. रशीदभाई यवतमाळहून मोटरसायकलवर पेटी बांधून येतात, आमच्या लग्नातही नाचलेले. मी चहा द्यायच्या आधीच तोंड सोडलं. "रशीदभाई, खिळे मारता का सूड काढता?"

त्यांनी पेटी उघडून चारही नाला काढल्या. चारही पाय चिमट्यानं दाबून दाखवले. शेवंतीनं कानसुद्धा हलवला नाही. मग चारही नाला नव्यानं ठोकल्या, घाम पुसला आणि म्हणाले, "भाभी, नाल मेरी, पाँव घोडी का, लंगडणं तुमच्या कानातलं. त्याले नाल बसत नाही!"

दुसऱ्या दिवशी भाकर पुन्हा वाकडी!

मी गुणवंताच्या ताटात तीच वाढली. म्हटलं, "घ्या, खा. पुरावा हाय."

त्यानं खाल्ली. म्हणाला, "चवीले गोलच लागते."

*

मग मी डॉक्टरांना बोलावलं. दारव्ह्याचे गुरांचे डॉक्टर, माणूस चांगला, फक्त घाईचा. म्हणाले, "घोडी धरून पळवा. सरळ जा, सरळ या."

गुणवंतानं शेवंतीला धरलं आणि तिच्या बाजूनं पळायला लागला. आता झालं काय, गुणवंतानं डॉक्टर येणार म्हणून नवी चप्पल घातली होती. ती अंगठ्याला लागत होती. घोडी पळाली टप-टप, टप-टप, अगदी स्वच्छ. आणि तिच्या बाजूला हा, एक पाय उचलून, एक पाय ओढून!

डॉक्टर माझ्याकडं वळले. "ताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे. लंगडतंय. पण ते घोडी नाही!"

सर, सोनाली, रशीदभाई, सगळे पोट धरून. डॉक्टरांनी मलम दिलं ते गुणवंताच्या अंगठ्याला.

तरी मी हटले नाही. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, सरळ नका पाहू. गोल फिरताना होते." मग गुणवंतानं तिला लांब दोरीवर गोल फिरवली, उजवीकडून. स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, "आता उलटी." तेवढ्यात त्यांना फोन आला, कोणाची म्हैस अडली होती. गाडीला किक मारली आणि गेले!

गुणवंतानं दोन्ही हात जोडून डोळे मिटले. मला वाटलं, म्हशीसाठी.

*

सरांना मात्र हळूहळू काहीतरी कळत होतं. शेवंती डावीकडून गोल फिरताना मान आखडते, पाऊल आखूड टाकते, हे त्यांच्या नजरेत आलं. पण त्यांनी दोष दिला सोनालीला! "तुझा एक हात मऊ आणि एक हात दगड. लगाम सारखे धर. काकू, तुमचं लाटणं द्या."

लाटणं दिलं. सरांनी ते सोनालीच्या दोन्ही अंगठ्यांखाली आडवं धरायला लावलं, लगामासकट. लाटणं तिरपं झालं की हात तिरपा. आता पोरगी घोडीवर, हातात लाटणं, आणि सर मधोमध उभे राहून ओरडतायत, "लाटणं सरळ! लाटणं सरळ! मागचे पाय कामाला लाव! पळवू नको, उचलू दे तिला!"

रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा थांबला. बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, "बाई, पोळ्या घोड्यावर बसून करतात का आता?"

म्हटलं, "हो जी. नागपूरले तसंच लागते."

लाटणं सुतासारखं सरळ झालं, आणि ठोका तसाच. टप-टप, टप-ठप. डावीकडून वळली की टप-ठप! सोनाली रडकुंडीला आली. रात्रंदिवस स्वतःचे हात बघत बसायची, जशी काही चोरी केली. मला सरांचा असा राग आला की त्या दिवशी त्यांच्या चहात साखर टाकली नाही. त्यांनी तोही पिला. म्हणाले, "बरं झालं, डॉक्टरनं बंदच सांगितली आहे."

*

मधेच कळंबची वरात आली. सरांनी बजावलं होतं, स्पर्धेपर्यंत वरात बंद. पण जुनं गिऱ्हाईक, नवरदेवाचा बापसुद्धा आमच्याच घोडीवर बसून गेलेला. गुणवंता म्हणाला, "सोनालीची माय, नाही म्हणता येत नाही." मी लक्ष ठेवायला सोबत गेले.

रीत अशी की घोडी मांडवाला उजवी घालते, म्हणजे मांडव उजव्या हाताला ठेवून दारापर्यंत अर्धी फेरी, मग नवरदेव उतरतो. पण त्या बाजूला पाण्याचा टँकर उभा! नवरदेवाचे दोस्त म्हणाले, "काका, डावीकडून घ्या ना! काय फरक पडते?"

गुणवंता घोडीपुढं दोन्ही हात पसरून उभा राहिला. या माणसाचा आवाज एरवी म्हशीलाही ऐकू जात नाही. पण तिथं ओरडला! "फरक? उलटी फेरी मसणात घालतात! माह्या बापाच्या काळापासून आमची घोडी उलटी फिरली नाही!"

मग टँकरवाल्याचा शोध. तो सापडला पंगतीत, भरल्या ताटावर. म्हणाला, "वाढल्या ताटावरून मी उठत नाही. माह्यीबी रीत हाय!"

नवरदेव उन्हात घोडीवर, फेट्यातून घाम गळतोय, बँडवाल्यांचे गाल दुखायला लागले. मुहूर्त टळतो की काय म्हणून नवरीचा मामा घड्याळ बघून बघून पांढरा पडला. शेवटी नवरदेवाची आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उतरवा त्याले! नाहीतर नवरीच येऊन बसते मागं!"

टँकरवाल्याची जिलेबी संपली, टँकर हलला, उजवी फेरी झाली, लग्न लागलं. परतीच्या डांबरी रस्त्यावर मी नुसती शेवंतीच्या टापा ऐकत आले. गुणवंता खुशीत होता. म्हणाला, "रीत राह्यली."

मी म्हटलं, "पाय राहू दे म्हणजे झालं."

*

नागपूर जवळ आलं तसे सरांनी जमिनीवर बांबू मांडले. घोडी दुडक्या चालीनं बांबू ओलांडत गेली की पाऊल लांब पडतं आणि वर उचलतं. उजवीकडून शेवंती अशी गेली की बघत राहावं. डावीकडून गेली की खट! तोच पाय, तोच बांबू.

मी चूल सोडली आणि बांबूंच्या मधे जाऊन उभी राहिले. "आता माह्या अंगावरून न्या घोडी!"

सोनाली खाली उतरली नाही. वरूनच बोलली, "आई, बाजूले हो. तुले ड्रेसाज काय कळते? चौथी शिकली तू!"

"मले ड्रेसाज नाही कळत. मले पडणं कळते."

"सगळ्यांनी पाह्यलं! नालबंदानं पाह्यलं, डॉक्टरनं पाह्यलं! कोणालेच काही दिसत नाही, तुलेच ऐकू येते?"

सर मान खाली घालून उभे. गुणवंता दोरी गुंडाळतोय, एकदा गुंडाळलेली पुन्हा गुंडाळतोय. मी बाजूला झाले. काय करता? कानाला कोणी साक्षीदार नसतो.

चुलीपाशी आले. भाकर थापायला घेतली. टप-टप, टप-ठप, आणि मग काहीच नाही.

मी वळले तेव्हा शेवंती गुडघ्यांवर होती आणि सोनाली तिच्या मानेपुढं मातीत.

मी कशी पोचले मला आठवत नाही. सोनाली उठून बसली. कोपर सोललेलं, तोंडात माती, दातावर रक्त. मी तिचे हात-पाय चाचपले, पाठ चाचपली, मान चाचपली. सगळं जागेवर. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, ऐकू आलं मले. पडायच्या आधी."

त्या दिवशी भाकरी केल्याच नाहीत. कोणी मागितल्याही नाहीत.

*

आता सगळ्यांना पटलं! पटल्यावर काय होतं? सगळे एकमेकांवर तुटून पडतात. सर म्हणाले नाल. रशीदभाई म्हणाले खोगीर. सोनाली म्हणाली बांबू. मी सगळ्यांचंच नाव घेत होते, कोणी सुटू नये म्हणून. सरांनी सांगून टाकलं, "कारण कळल्याशिवाय नागपूर नाही."

डॉक्टर पुन्हा आले. या वेळी मी त्यांचा फोन मागून घेतला आणि पिठाच्या डब्यावर ठेवला. "आज म्हशी थांबतीन."

सगळे पाय दाबून झाले. काही नाही. डॉक्टर म्हणाले, "गोल फिरवा." गुणवंतानं उजवीकडून फिरवली. "आता उलटी."

गुणवंता उभा. दोरी हातात, घोडी शेजारी, आणि हा आभाळाकडं बघतोय.

"अहो, उलटी फिरवा!"

"ती जात नाही जी."

"जात नाही? शेवटची कधी फिरवली होती?"

गुणवंता पुन्हा दोरी गुंडाळायला लागला. सरांनी डोक्यावरची टोपी काढली. "गुणवंतराव! मी रोज तुम्हाला सांगतो, मी येण्याआधी सकाळी तिला दोन्हीकडून सारखी फिरवा. तुम्ही रोज 'हो जी' म्हणता!"

"हो जी म्हणतो. फिरवतो असं नाही म्हटलं कधी." आणि मग खालच्या आवाजात, "सर, लग्नाची घोडी हाय. सकाळी सकाळी उलटी फेरी कशी घालू?"

रोज सकाळी घामाघूम होईपर्यंत, नुसती उजवी! डॉक्टरांनी शेवंतीच्या पाठीवरून दोन्ही बाजूंनी हात फिरवला. "पाय ठणठणीत आहे. पण घोडी एका अंगानं पैलवान झाली आणि दुसऱ्या अंगानं आळशी. डावीकडं वळायचं म्हटलं की अंग वाकत नाही, पाऊल अडखळतं. आजपासून हळूहळू डावीकडून जास्त फिरवा, सुटेल." सोनालीनं स्वतःच्या हातांकडं बघितलं आणि कितीतरी दिवसांनी हसली.

रशीदभाईंनी गुणवंताच्या खांद्यावर हात ठेवला. "यार, त्या चार नाला मी फुकट काढल्या का?"

*

गुणवंतावर माझा भरवसा उरला नव्हता. त्या दिवसापासून पहाटे मी स्वतः मैदानात, हातात लाटणं. बिचारा तोंडानं देवाचं नाव घेत घेत डावीकडून फिरवायचा. पहिल्या दिवशी तर फेरी सुरू करण्याआधी घोडीपुढं नारळ फोडला आणि तिची माफी मागितली.

मधेच कधी म्हणायचा, "ऐकलं का, दोन फेऱ्या उजव्या घालू का?"

"उजवीचं नाव काढलं तर लाटणं पाहून घ्या! इतकी वर्षं उजवीच केली ना?"

सर आले की विचारायचे, "दोन्हीकडून?" गुणवंता माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "हो जी."

डावीकडची दुडकी दिवसागणिक सुधारली. मान सुटली, पाठ वर आली, मागचा पाय पोटाखाली येऊन ढकलायला लागला. माझी भाकर गोल! सरांनी एक दिवस ती हातात घेऊन सगळ्या क्लासला दाखवली. आणि उजवीकडची? ती तर तिची पहिल्यापासूनच चांगली. तिकडं कान कोण देतो?

*

नागपूर. पांढऱ्या पाट्यांचं मैदान, इस्त्रीचे कपडे, माणसांहून चिकणे घोडे. आमची सगळी फौज कठड्याला धरून उभी. सर, सुट्टी काढून आलेले डॉक्टर, "नाला माझ्याच आहेत" असं सगळ्यांना सांगणारे रशीदभाई, गुणवंता आणि मी. तिथं चूल नव्हती, पीठ नव्हतं. मी दोन्ही तळवे कठड्यावर ठेवले आणि डोळे मिटले. बघायची हिंमत नव्हती.

सोनाली आत गेली. सलाम झाला. दुडकी सुरू. डावीकडून मोठा गोल. टप-टप, टप-टप. माझा हात तालावर पडत होता. एक ठोका इकडं-तिकडं नाही! सरांचा श्वास मला ऐकू आला. पोरगी पडत नाही, माझी पोरगी पडत नाही, एवढंच डोक्यात.

मग मैदान तिरपं ओलांडून तिनं बाजू बदलली. उजवीकडून गोल.

टप-टप, टप-ठप.

माझे हात कठड्यावरच थांबले. मी डोळे उघडले. म्हटलं, "सर, लंगडली."

"काकू, आता नका ना!" सर म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमच्या डोक्यात बसलंय ते." रशीदभाई नुसते कपाळाला हात लावून हसले.

पण पोरगी हुशार. तिला बसल्या जागी कळलं असणार. तिनं घाई केली नाही, हात घट्ट केला नाही, घोडीला सावरत सावरत गोल पुरा केला, मधोमध आणून उभी केली आणि सलाम ठोकला. घोडीवर! मातीत नाही! मी मोठ्यानं रडले, मला कोणाची लाज?

थोड्या वेळानं जज मॅडम स्वतः आल्या. वयानं माझ्याएवढ्या, तोंड माझ्यासारखंच. शेवंतीच्या मानेवर थाप मारली. "घोडी फार गुणाची आहे. स्वारही शांत आहे. डावीकडचा ट्रॉट तर आज इथला सगळ्यात चांगला. पण मला एक सांगा, हिला उजवीकडून कोणी फिरवतच नाही का?"

सरांची मान हळूहळू गुणवंताकडं वळली. डॉक्टरांची वळली. रशीदभाईंची वळली. सोनाली घोडीवरून वाकून बापाकडं बघायला लागली.

"दोन्हीकडून सांगितलं होतं ना?" सर म्हणाले.

"हो जी."

"मग हे कोणी केलं?"

गुणवंतानं नव्या चपलेकडं बघितलं. घोडीकडं बघितलं. मग छाती भरून श्वास घेतला, माझ्याकडं बोट केलं, आणि उखाण्यानंतर पहिल्यांदा, सगळ्या नागपूरसमोर, मोठ्यानं म्हणाला,

"कांता!"